त्वचेचे प्रश्न : केसाच्या मुळाशी ठेवलेलं विरजण

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत 'स्टेम सेल' हा शब्द इतक्यांदा आला, की संपादकांनी ती पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात बांधून मला साताऱ्याला पाठवून दिली. वर चिठ्ठी : 'डॉक्टर, यांचं एकदाच काय ते करा.' म्हणून या महिन्यात खरूज, गजकर्ण आणि पिंपल्सवाल्यांनी रागावू नये. एकसारख्या पत्रांतलं एकेक घेतलं आहे, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला कोड आहे. कपाळावर एक डाग, खालच्या ओठावर एक आणि दोन्ही घोट्यांवर. कपाळावरच्या डागातले केसही पांढरे झाले. शहरातल्या एका केंद्राने 'स्टेम सेल थेरपी'ची सहा सलाइनं सांगितली आहेत. खर्च तीन लाख चाळीस हजार. 'आठ महिन्यांत कायमचं बरं' असं लेखी द्यायला तयार आहेत. तिच्या लग्नाचं बघतो आहोत. काय करावं?
— एक आई, सांगली जिल्हा

ताई, पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर पावती जपून ठेवा. आता सावकाश सांगते.

घरात दही रोज खाल्लं जातं, पण सगळं कुणी संपवत नाही, चमचाभर विरजणाला राहतं. स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशीचं, काम असंच असतं. ती दुभागली की एक पेशी जागेवर थांबते आणि दुसरी कामाला लागते. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. आंघोळीला वजरीने टाचा घासल्यावर जे निघतं, त्यात मळ थोडा आणि जुनी त्वचाच जास्त. तिच्या जागी नवी येते ती या विरजणातून. म्हणजे तुमच्या मुलीच्या अंगात मूलपेशी आहेतच, बाटलीतून आणाव्या लागत नाहीत.

रंग तयार करणाऱ्या पेशींचं विरजण मात्र वेगळ्या कोनाड्यात असतं. केस ज्या नळीतून उगवतो तिला मध्ये एक फुगवटा असतो, तिथे. एमी निशिमुरा या जपानी संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये उंदरांत हे दाखवून दिलं. कोडात वरच्या त्वचेतल्या रंगपेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारून टाकते, पण केसाच्या मुळाशी लपलेल्या बऱ्याचदा वाचतात. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घेतले, की दोन-तीन महिन्यांनी पांढऱ्या डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात. भिंग धरून बघा, ठिपक्याच्या मधोमध केस असतो. आमच्या दवाखान्यात याला 'मोहरी आली' म्हणतात. आमची सिस्टर दारातूनच ओरडते, "मॅडम, मोहरी!" मूलपेशींचा उपचार म्हणजे खरं तर हाच, पण त्याच्या दरपत्रकावर तो शब्द कुठेच नसतो.

आता तुमच्या मुलीचे डाग बघू. ओठावर केस नसतात, म्हणजे तिथे विरजणच नाही. कपाळावरच्या डागातले केस पांढरे झाले, म्हणजे तिथलंही संपत आलं. घोट्यासारख्या हाडावरच्या जागा तशाही हट्टी. नुसत्या प्रकाशाने या चार डागांचं फारसं काही होईल असं मला वाटत नाही. इथे विरजण दुसरीकडून आणून लावावं लागतं. मांडीवरून कागदासारखी पातळ त्वचा काढतात, ट्रिप्सिन या विकराने तिच्या पेशी सुट्या करतात, डागाची वरची त्वचा खरवडून त्यावर त्या पसरतात आणि आठवडाभर पट्टी ठेवतात. तळहाताएवढ्या डागाला त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाची त्वचा पुरते. केसांच्या मुळांतून पेशी काढून तेच करायची पद्धतही आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी त्यावरचं काम २०११मध्ये प्रसिद्ध केलं. एकाच दिवसात होणारी ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होते. रंग महिन्याभराने दिसायला लागतो आणि आजूबाजूच्या रंगाशी जुळायला सहा महिने किंवा जास्त लागतात.

पण एक अट आहे. किमान वर्षभर नवा डाग आलेला नको आणि जुना वाढलेला नको. तुम्ही 'दोन वर्षांपासून' लिहिलंत, गेल्या वर्षात काय झालं ते लिहिलं नाहीत. दूध उकळत असताना विरजण घातलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९८मध्ये एका मुलीच्या हातावर मी पंच ग्राफ्ट केले, म्हणजे मांडीवरून टिकलीएवढे तुकडे काढून डागात बसवले. सहाच महिने डाग स्थिर होता. लग्नाची तारीख ठरलेली होती, तिचे वडील रोज फोन करत होते, आणि मी घाई केली. बसवलेले तुकडे पांढरे पडले. मांडीवर जिथून काढले होते तिथेही नऊ पांढऱ्या टिकल्या उमटल्या. आजार जागा असताना जखम केली की तिथेही कोड येतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी केलं.

त्या सहा सलाइनांबद्दल. शिरेतून सोडलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक पहिल्यांदा फुप्फुसांतच अडकतात, त्यांना घोट्याचा पत्ता कुणी दिलेला नसतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांत होणारं मज्जा प्रत्यारोपण. बाकी सगळं संशोधन. संशोधन असेल तर त्याची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, हवी, नैतिक समितीची मंजुरी हवी आणि भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. केंद्रात जाऊन नोंदणी क्रमांक मागा. आणि 'कोड बरं करतो' अशी जाहिरात करणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यातल्या आजारांच्या यादीत कोडाचं नाव आहे. 'लेखी देतो' म्हणणाऱ्याला हेही ऐकवा.

लग्नाबद्दल विचारलं नाहीत, तरी लिहिते. माझ्या आत्याला कोड होतं. आमच्या घरच्या कुठल्याच लग्नाच्या फोटोत ती नाही, कारण फोटोच्या वेळी तिला स्वयंपाकघरात काम निघायचं. कोड म्हणजे कुष्ठ नव्हे, ते लागत नाही. बघायला येणाऱ्यांना डाग पहिल्याच भेटीत दाखवा. झाकून ठरवलेल्या लग्नांची पुढची कहाणीही माझ्याच दवाखान्यात येते.

प्रश्न : माझा भाऊ साखर कारखान्यात वाफेने भाजला. हात खोल भाजला होता. डॉक्टरांनी मांडीची त्वचा काढून हातावर बसवली. आता तो बरा आहे. पण मांडीला उगाच दुसरी जखम केली असं आम्हाला वाटतं. हल्ली प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून त्वचा वाढवतात ना?
— एक बहीण, अहमदनगर

मांडी किती दिवसांत भरली? पत्रात 'पंधरा दिवस' लिहिलंय तुम्ही. ती कुणी भरली? मांडीवरून त्वचा काढताना वरचा पापुद्राच काढतात, केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खाली राहतात. त्यांच्या काठच्या मूलपेशी वर चढून येतात आणि चहूबाजूंनी पसरत एकमेकींना भेटतात. वरवर भाजलेलं याच कारणाने आपोआप भरून येतं. हात खोल भाजला होता, म्हणजे तिथली मुळंच जळाली होती, भरायला कुणी उरलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी जिथे विरजण होतं तिथून नेऊन जिथे नव्हतं तिथे लावलं. उगाच काही केलेलं नाही.

प्रयोगशाळेतली त्वचा मात्र खरी गोष्ट आहे, आणि जुनी. अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवायची युक्ती शोधली. खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा आणि त्यावर माणसाच्या पेशी पेरायच्या. १९८३मध्ये पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ जवळजवळ संपूर्ण अंग भाजलेल्या अवस्थेत बॉस्टनला आणले गेले. अंगावरून घ्यायला त्वचाच उरली नव्हती. काखेसारख्या जागी वाचलेल्या चिमूटभर त्वचेपासून वाढवलेल्या चादरींनी त्यांचं निम्म्याच्या आसपास अंग झाकलं, आणि दोघेही जगले. पण ही चादर तयार व्हायला तीन आठवडे लागतात, ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी नाजूक असते, तिला केस नसतात, घाम येत नाही आणि खर्च प्रचंड. एका हातासाठी ती कुणी वापरत नाही, वापरूही नये.

आपल्याकडे मोठ्या भाजण्यात मधले आठवडे काढायला दान केलेली त्वचा लावतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २०००पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथून पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. अंग विद्रूप होत नाही, हे आवर्जून सांगते, कारण नातेवाईक तिथेच अडतात. आणि तुमच्या भावाच्या मांडीवर कसली पट्टी होती, विचारा. शीवच्याच डॉ. माधुरी गोरे यांनी अशा जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. पान चिकटत नाही, त्यामुळे काढताना नवी त्वचा सोलली जात नाही आणि रोगी किंचाळत नाही. पट्टी बदलायच्या वेळी भाजलेल्यांच्या वॉर्डातून एकदा चालत गेलेल्याला याची किंमत कळते.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. जन्मल्यापासून जिथे घासेल तिथे फोड येतात. उचललं तरी येतात. डॉक्टर एपिडर्मोलायसिस बुलोसा म्हणाले. जर्मनीत एका मुलाला स्टेम सेलने सगळी नवी त्वचा दिली असा व्हिडिओ मला आला आहे. शेत विकायची माझी तयारी आहे.
— एक आजोबा, यवतमाळ

आजोबा, व्हिडिओ खरा आहे. आणि शेत विकू नका.

भिंतीवर गिलावा धरून राहतो, कारण मध्ये पकड असते. त्वचेचा वरचा थर खालच्याला धरून ठेवणारी काही प्रथिनं असतात, त्यांतलं एखादं तयार करणारं जनुक बिघडलं की गिलावा सुटतो. म्हणून फोड. जर्मनीत बोखुमच्या रुग्णालयात २०१५मध्ये सात वर्षांचा, मूळ सिरियाचा एक मुलगा आला, तेव्हा त्याची बहुतेक त्वचा गेली होती. इटलीत मोडेनाला मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या जांघेतला चार चौरस सेंटिमीटरचा, टपालाच्या तिकिटाएवढा, तुकडा घेतला. पेशींत चांगलं जनुक घातलं आणि त्यांपासून ०.८५ चौरस मीटर त्वचा वाढवली. तीन शस्त्रक्रियांत ती हातपाय, पाठ अशी बसवली. फेब्रुवारी २०१६मध्ये मुलगा घरी गेला. पाच वर्षांनंतरही ती त्वचा टिकून असल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं आहे. यात मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. प्रत्येक पेशीत नवं जनुक वेगळ्या ठिकाणी बसलेलं, त्यामुळे कोण कुणाची लेक हे ओळखता आलं. तेव्हा दिसलं, की बसवलेल्या असंख्य पेशींतल्या बहुतेक काही महिन्यांत झडून गेल्या. पुढे सगळी त्वचा चालवली ती त्यांतल्या मोजक्या खऱ्या मूलपेशींनी. चादर कितीही मोठी केली, पण त्यात विरजण नसतं, तर सगळं वाया गेलं असतं.

पण त्या मुलाचा प्रकार एक, तुमच्या नातवाचा दुसरा असू शकतो. मुख्य प्रकार तीन-चार आहेत, जनुकं कितीतरी. काही प्रकार वयाबरोबर सौम्य होतात. अमेरिकेत डिस्ट्रॉफिक नावाच्या प्रकारासाठी २०२३मध्ये जनुक पोचवणाऱ्या जेलला आणि २०२५मध्ये दुरुस्त पेशींच्या चादरींना मंजुरी मिळाली. किंमत कोटींत. तोंडातल्या आणि अन्ननलिकेतल्या फोडांवर चादर चालत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे बाळाची जनुकीय तपासणी, आई-वडिलांच्या रक्तासकट. तो कागद हाती आला, की पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत तपासणी करता येते, आणि उद्या इथे एखादी चाचणी सुरू झाली तर आपण त्यात बसतो की नाही हेही कळतं.

तोवर घरी : काखेत हात घालून उचलू नका, एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली, मध्ये मऊ पांघरूण. कपडे उलटे घाला, शिवण बाहेर. चिकटपट्टी अंगाला लावायचीच नाही. फोड मोठा होत असेल तर निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढा, पण वरची सालपटं सोलू नका, तीच त्याची पट्टी. न चिकटणारी सिलिकॉनची ड्रेसिंग मिळतात, ती महाग आहेत, शेताऐवजी त्यांवर खर्च करा. आणि करदोटा, मनगट्या, वाळे, काळा दोरा हे सगळं काढून ठेवा. आजीला वाईट वाटेल. तिला माझं नाव सांगा.

प्रश्न : पत्नीची त्वचा दोन वर्षांपासून आवळत चालली आहे. बोटं वाकत नाहीत, थंडीत निळी पडतात, तोंड पूर्ण उघडत नाही. स्क्लेरोडर्मा निदान झालं. यावर स्टेम सेल प्रत्यारोपण आहे म्हणतात, तेही थोतांडच का?
— एक वाचक, बेळगाव

नाही. या गठ्ठ्यातलं हे एकच पत्र, जिथे शब्द आणि पुरावा दोन्ही जागेवर आहेत. मात्र इथल्या मूलपेशी त्वचेच्या नव्हेत, रक्ताच्या. स्वतःच्याच रक्तातून त्या आधी काढून ठेवतात, मग बिथरलेली प्रतिकारशक्ती जबर औषधांनी जवळजवळ पुसून टाकतात आणि त्या परत देऊन नव्याने उभी करतात. युरोपातली मोठी चाचणी २०१४मध्ये आणि अमेरिकेतली २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत दूरच्या हिशोबाने हे रोगी नेहमीच्या औषधांवरच्या रोग्यांपेक्षा जास्त जगले. पण जवळचा हिशोबही ऐका : युरोपातल्या चाचणीत प्रत्यारोपणाच्या गटातल्या ७९ जणांपैकी आठ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळेच गेले. म्हणून हे झपाट्याने वाढणाऱ्या, फुप्फुसांवर येऊ लागलेल्या आजारासाठी, आणि हृदय धड असेपर्यंतच. संधिवाततज्ज्ञ आणि रक्तरोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. त्वचेच्या डॉक्टरने, म्हणजे मी, हे एकटीने सांगू नये.

सोरायसिसवाल्या चौघांनी असंच विचारलं आहे. तिथे अजून छोट्या चाचण्याच आहेत. चांगली औषधं आहेत तुमच्याकडे, ती नियमित घ्या.

प्रश्न : सफरचंदाच्या स्टेम सेलची क्रीम लावल्याने सुरकुत्या जातात का? ३० मिलीला २,८०० रुपये आहेत.
— ठाणे

उटव्हिलर श्पेटलाउबर नावाचं स्वित्झर्लंडमधलं एक जुनं सफरचंद आहे, काढल्यावर बरेच महिने टिकतं म्हणून त्याचं नाव झालं. त्याच्या पेशी वाढवून, फोडून, अर्क काढून क्रीममध्ये घालतात. बाटलीत जिवंत पेशी एकही नसते, आणि असती तरी सफरचंदाच्या पेशीने सफरचंदच करायला शिकलेलं असतं. सफरचंद खा. तोंडाला रोज सनस्क्रीन लावा. पीआरपीला 'स्टेम सेल' म्हणून विकतात तेही इथेच सांगून टाकते : ते तुमच्याच रक्तातल्या बिंबाणूंचं, म्हणजे प्लेटलेट्सचं, द्रव, बिंबाणूला केंद्रकही नसतं, तो विरजण कसला होणार.

प्रश्न : घराण्यात कोड आहे. होणाऱ्या नातीच्या नाळेचं रक्त साठवून ठेवावं का?
— पुणे

नको. नाळेतल्या मूलपेशी रक्त बनवतात, रंग नाही. आणि जो दोष जन्मतः असेल, तो त्या रक्तातही असणारच. आयसीएमआरही स्वतःसाठी असं खासगीत साठवायला सांगत नाही. कोडाचा धोका घराण्यात असला तरी बहुतेक मुलांना ते होतही नाही.

प्रश्न : वय ६१. स्टेम सेल शांपूने पांढरे केस काळे होतील का? तुम्ही स्वतः काय वापरता?
— एक खट्याळ वाचक, रत्नागिरी

शांपू दोन मिनिटांत मोरीत जातो, त्याला केसाच्या मुळापर्यंत पोचायला सवड कुठे. मुळाशी काय होतं ते २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं : रंगाच्या मूलपेशी एरवी वर-खाली ये-जा करतात, म्हातारपणी त्या फुगवट्यातच अडकून बसतात आणि केस रंगाविना उगवतो. संपलेल्या नसतात, अडकलेल्या असतात. त्यांना हलवायचं कसं, हे अजून उंदरांनाही कुणी सांगितलेलं नाही. मी मेंदी लावते. लाल, पानांची, घरी वाटलेली. पाच मिनिटांत काळं करणारी 'काळी मेंदी' नाही, तिच्यात पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, आणि तिने डोळे मिटतील इतकं तोंड सुजलेली माणसं लग्नसराईत आठवड्याला दोन तरी माझ्याकडे येतात. लावायचीच असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा.